नावाने हाक

"तोंड उघड," मी म्हणाले.

नातीने ओठ अधिकच घट्ट मिटले. सहाणेवर वेखंड मी स्वतः उगाळले होते, त्यात मध घातला होता आणि तो करडा-पिवळा लगदा चांदीच्या चमच्यात घेऊन मी तिच्यासमोर बसले होते. वेखंडाचा वास मला लहानपणापासून सहन होत नाही. तो नाकात शिरला की घशाच्या तळाशी काहीतरी वर सरकू लागते. तरीही सलग एकवीस दिवस, रोज सकाळी, मी ते उगाळत होते. जे करायचे ते नेमाने करायचे, ही माझी शिस्त.

"उघड. जीभ बाहेर."

कस्तुरीने तोंड उघडले. सहा वर्षांची पोर. पुढचे दोन दात पडलेले. मी चमचा जिभेच्या मुळाशी नेला आणि तिने तो सगळा लगदा माझ्या इरकली साडीवर थुंकला.

"आजी, क... क... क..."

तिने डोळे गच्च मिटले. हनुवटी वर गेली, मानेची शीर तटतटली, ओठांच्या कोपऱ्यात थुंकीचा फुगा आला, उजवा पाय फरशीवर आपटू लागला. जणू तो शब्द जमिनीत रुतला होता आणि पायाने तो उपटायचा होता.

तिला 'कडू' म्हणायचे होते. मला ते पहिल्या अक्षरालाच समजले होते.

"समजलं. पुरे," मी म्हणाले आणि मान दुसरीकडे वळवली.

मला त्या चेहऱ्याची किळस आली. आज माझे वय चौऱ्याऐंशी आहे. या वयात शब्द सौम्य करून लिहिण्याची मला गरज वाटत नाही. दया नव्हे, काळजी नव्हे; किळस. पालीची येते तशी.

ही गोष्ट शहाण्णव सालची. वाईत आमचा बंगला. ह्यांना जाऊन दहा वर्षे झाली होती आणि घर माझ्या शब्दावर चालत होते, असे गावात म्हणत. शब्द फारसे नव्हतेच, हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. महिला मंडळाची मी अकरा वर्षे अध्यक्ष होते. अध्यक्षीय भाषण मी लिहून देत असे आणि ते वाचून दाखवण्याचे काम मंडळाच्या चिटणीस बाईंकडे असे. उभे राहून वाचणे मला कमीपणाचे वाटते, असा सर्वांचा समज होता. तो मी कधी दूर केला नाही. गणपतीच्या आरतीत मात्र माझा आवाज सर्वांच्या वर लागे. एरवी मी कोणाला काही विचारत नसे, सांगत असे.

साडीवरचा डाग पुसत असताना वन्सं आल्या. ह्यांच्या धाकट्या बहिणीला मी वन्संच म्हणत आले. वैधव्यानंतर त्या आमच्याकडेच राहत. ज्या गोष्टीत त्यांना काही कळत नसे, तीत त्यांचा आवाज विशेष चढत असे.

"गेलं ना वेखंड साडीवर? वहिनी, मी पहिल्या दिवसापासून सांगतेय, पोरीच्या जिभेखाली दोरा आहे. तो तोडल्याशिवाय जीभ सुटायची नाही. तो घाटाखालचा वैदू तापल्या पात्याने एका झटक्यात तोडतो. रक्त येतं थोडं, चिमूटभर हळद दाबायची, की झालं. आमच्या जाऊबाईंच्या नातवाचं नाही का केलं? आता नुसता चुरूचुरू बोलतो."

"तो आधीपासूनच बोलत होता, आत्याबाई." सून दारात उभी होती. हातात कस्तुरीचे दप्तर. "त्याला फक्त 'र' म्हणता येत नव्हता. अजूनही येत नाही."

"तू मध्ये बोलू नकोस, वसुधा. तुझ्याच माहेरचं आहे हे. तुझा तो भाऊ लग्नात मंगलाष्टकं म्हणायला उभा राहिला आणि पहिल्याच ओळीला अडकला. सगळ्या मांडवाने पाहिलं."

"तो अडकला नाही. त्याचा कागद हरवला होता."

"कागद कशाला लागतो? ज्याची जीभ मोकळी, त्याला कागद लागत नाही. हे रक्तातून येतं. विचार वहिनींना."

दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. मी ओल्या फडक्याने डाग पुसत राहिले. माझ्या गप्प राहण्याला त्या घरात निकाल समजत.

सुनेच्या चेहऱ्यावर तो निकाल उतरताना मी पाहिला.

तिच्या हातातल्या दप्तरातली वही मी काढून घेतली. शाळेतल्या बाईंनी तांबड्या शाईने लिहिले होते: मुलगी महिनाभर एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही, घरी समज द्यावी. वर्गातली मुले तिची नक्कल करत, म्हणून तिने बोलणेच सोडले होते. डबा सांडला तरी ती सांगत नसे. त्याच आठवड्यात ती ओल्या चड्डीने घरी आली होती, कारण बाईंची परवानगी मागायला तोंड उघडावे लागले असते.

"रविवारी जीप सांगितलीय मी," वन्सं म्हणाल्या. "पोरीला उपाशी ठेवा म्हणालाय."

"आई." सुनेने वन्संना ओलांडून थेट माझ्याशी बोलणे सुरू केले. "रविवारचं नको. साताऱ्यात दर शनिवारी एक बाई येतात. मुंबईला शिकून आल्यात. बोलण्याच्या दोषांवर उपचार करतात. मी वेळ घेतलीय."

"मला न विचारता."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

आठ वर्षांत ती मला पहिल्यांदाच असे बोलली. मला राग यायला हवा होता. आला तोही किळसवाणाच वाटला, कारण त्याच्या आत भीती होती.

"शनिवारी मीही येईन," मी म्हणाले. "वन्संचं रविवारचं ठरलंय ते तसंच राहील."

चिरंजीव तेव्हा साखर कारखान्यावर होते. महिन्यातून एकदा घरी येत. सुनेने त्यांना फोन लावला. "आई म्हणेल तसं," ते म्हणाले. मुलीच्या जिभेवर पाते चालवायचे की नाही, या प्रश्नाला हे उत्तर. ते वाक्य मीच त्यांना शिकवले होते. त्या दिवशी ते माझ्या कानाला ओशट लागले.

साताऱ्यातला तो दवाखाना म्हणजे एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरची खोली. भिंतीवर हत्ती आणि ससे रंगवलेले. बसायला मुलांच्या बुटक्या खुर्च्या. त्या खुर्चीत बसल्यावर माझे गुडघे माझ्या हनुवटीशी आले. समोर एक मोठा आरसा होता. माझा तो अवतार मला त्यात पूर्ण दिसत होता. खोलीला डिंकाचा, खडूचा आणि मुलांच्या लाळेचा वास येत होता.

बाईंचे नाव नसीम बागवान. माझ्या सुनेहूनही लहान दिसत होत्या. पंजाबी पोशाख, हातात साधे घड्याळ.

"या आजी, बसा."

"मी तुमची आजी नव्हे."

"बरं, बाई म्हणते," त्या शांतपणे म्हणाल्या आणि फरशीवरच बसल्या, कस्तुरीच्या डोळ्यांच्या पातळीवर. "तुझ्या बुटांवर हे कोण आहे ग?"

"म... म... म..."

पुन्हा तो चेहरा. तो पाय.

"मांजर," मी म्हणाले.

बागवान बाईंनी माझ्याकडे पाहिलेही नाही. "तिचं तिला पुरं करू द्या, बाई," त्या म्हणाल्या आणि तशाच बसून राहिल्या. ना मान हलवली, ना 'हं, हं' केले. एखाद्याने रस्ता ओलांडेपर्यंत आपण थांबतो तशा त्या थांबल्या होत्या. पाच आकडे मोजता येतील एवढा वेळ गेला. मला तो असह्य झाला.

"म... मासा आहे," कस्तुरी म्हणाली. "मांजर नाही. आजीला दिसत नाही."

सून खाली मान घालून हसली. मी ते पाहिले नाही असे दाखवले.

मग बाईंनी कस्तुरीच्या वरच्या ओठाला बोटाने जॅम लावला आणि तिला तो जिभेने चाटायला सांगितला. जीभ नाकाच्या शेंड्यापर्यंत गेली. डावीकडे गेली, उजवीकडे गेली.

"दोरा कुठेही आखडलेला नाही," बाई म्हणाल्या. "आणि आखडलेला असता तरी अडखळणं त्याने येत नाही. ते जिभेत नसतंच. शब्द डोक्यातून तोंडापर्यंत येताना त्याची वेळ चुकते. यात हट्ट नाही, भित्रेपणा नाही, कुणाच्या वळणाचा दोष नाही. जीभ कापली तर व्रण तेवढा राहील आणि ही बोलायला आणखी घाबरेल."

"म्हणजे उपाय नाही," मी म्हणाले.

"आहे की. वेळ लागतो. घरातल्या सगळ्यांना शिकावं लागतं. 'नीट बोल' म्हणायचं नाही, तिचा शब्द आपण पुरवायचा नाही, तिच्या तोंडाकडे बघून तोंड फिरवायचं नाही."

शेवटचे वाक्य त्या कोणाला उद्देशून बोलल्या, ते मी आरशात पाहिले.

मग त्यांनी एक कागद काढला. जन्म, दुखणी, शाळा. सून उत्तरे देत होती. "घराण्यात आणखी कुणी अडखळतं का? पुष्कळदा हे घराण्यात चालत येतं, म्हणून विचारते. आईच्या बाजूने, वडिलांच्या?"

मी माझ्या बांगड्या पाहत होते.

"आमच्या घरात असं नाही," मी म्हणाले.

सुनेने एकदा माझ्याकडे पाहिले. मग ती सरळ त्या बाईंकडे वळली. "माझ्याकडून असेल. माझा भाऊ... लिहा, आईच्या बाजूने."

त्यांनी लिहिले. पेनाचा तो आवाज मला आजही ऐकू येतो. त्या एका ओळीइतके घाणेरडे काही मी माझ्या आयुष्यात पाहिलेले नाही, आणि ती ओळ लिहिली जाताना मी ताठ बसून होते.

"घरी हिला काय म्हणता तुम्ही?" बाईंनी मला विचारले.

"सोने."

"आणि नावाने?"

उत्तर कस्तुरीने दिले. मोठ्या माणसांच्या उणिवा सांगताना मुले फारशी अडखळत नाहीत.

"आजी नावाने ह-हाक मारत नाही. मला नाही, आईला पण नाही. 'अगं' म्हणते. आईचं खरं नाव क... क... कालिंदी आहे. लग्नात आजीने ब-बदललं. ताटात तांदळावर लिहिलं."

"जुन्या वळणाचं नाव होतं," मी म्हणाले. "म्हणून बदललं."

बागवान बाईंनी पेन खाली ठेवले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिले. उपचारासाठी आलेल्या माणसाकडे पाहतात तसे. ते मला सोसले नाही.

"एक पान वाचू या," त्या म्हणाल्या. त्यांनी मोठ्या अक्षरांचे एक चित्रांचे पुस्तक कस्तुरीसमोर ठेवले. "बाई, तुम्ही हिच्याबरोबर वाचा. दोघींनी एकदम, एका सुरात."

"मी चष्मा आणलेला नाही."

"आजी, चष्मा गळ्यात आहे," कस्तुरी म्हणाली.

सुटका नव्हती. मी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मला ती ओळ दिसली. पहिलीच ओळ: काठावर एक कासव बसले होते. माझ्या तळहातांना घाम सुटला. पण कस्तुरीने सुरुवात केली होती आणि तिच्या आवाजाबरोबर माझा आवाज निघाला. ओळ गेली. काठही गेला, कासवही गेले. तीही अडखळली नाही, मीही नाही. पानाच्या शेवटी आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. ती हसली. बागवान बाई तिच्याकडे पाहतच नव्हत्या. माझ्याकडे पाहत होत्या.

"बरोबरीने म्हटलं की शब्द अडत नाही," त्या कस्तुरीला म्हणाल्या. "गाताना, आरती म्हणताना अडत नाही. आणि एक गंमत सांगू? काही माणसं फार हुशार असतात. एखादा शब्द अडणार असं दिसलं की ती दुसऱ्याच शब्दाने निघून जातात. जन्मभर कुणाला कळत नाही की ती अडखळतात."

"म-मग त्यांचं बरंय," कस्तुरी म्हणाली.

"नाही ग. त्यांना दिवसभर पहारा ठेवावा लागतो. प्रत्येक वाक्याच्या आधी. नावाला मात्र दुसरा शब्द नसतो ना, म्हणून ती नावच घेत नाहीत. लोकांना वाटतं, माणूस गर्विष्ठ आहे."

मी उठले. बुटक्या खुर्चीतून उठताना तोल गेला. सुनेने पुढे केलेला हात मी झिडकारला.

"निघायचं," मी म्हणाले.

परतीच्या वाटेवर टॅक्सीत कस्तुरी माझ्या मांडीवर झोपली. मी खिडकीबाहेर पाहत होते आणि पन्नास वर्षांचा तो पहारा माझ्यासमोरून चालत होता.

माझ्या जिभेवर एकच अक्षर अडत असे. पण मराठीत विचारायचे म्हटले की बहुतेक वेळा त्याच अक्षरापासून सुरुवात करावी लागते. म्हणून मी विचारणे सोडले आणि हुकूम द्यायला शिकले. माझ्या यजमानांचे नाव कमलाकर. लग्नात बायकांनी नाव घ्यायचा आग्रह धरला तेव्हा मी मान फिरवून बसले. "केवढा तोरा!" असे कोणीतरी म्हणाले. त्या दिवसापासून तो तोरा मी पांघरला, उबदार होता. बायकोने नवऱ्याचे नाव घेऊ नये, या रिवाजाइतका मला दुसरा कोणताही रिवाज प्रिय नव्हता. ह्यांना माहीत होते. गड्याचे नावही त्याच अक्षराचे होते; त्याला बोलवायचे झाले की माझ्याआधी तेच हाक मारत, आणि त्याविषयी ते कधीही एक शब्द बोलले नाहीत. सून आली ती कालिंदी. ते नाव मला घेता येईना, म्हणून मी तिचे नाव पुसून तांदळावर दुसरे लिहायला लावले; पण नावे टाळायची सवय इतकी मुरली होती की ते दुसरेही मी कधी घेतले नाही. नात झाली, तेव्हा वडिलांचे आद्याक्षर राहावे म्हणून मुलाने तिचे नाव कस्तुरी ठेवले. बारशाला सगळे नाव उच्चारत होते आणि मी पाळण्याची दोरी धरून हसत होते.

आणि आता तिच्या आईकडून आले, असे एका कागदावर लिहून झाले होते.

रविवारी सकाळी आठ वाजता जीप फाटकाशी आली. वन्सं रेशमी काठाची साडी नेसून, पिशवीत नारळ आणि हळदीची डबी घेऊन तयार होत्या. कस्तुरी जेवणाच्या टेबलाखाली बसली होती. टेबलाचा पाय तिने दोन्ही हातांनी धरला होता आणि तोंड घट्ट मिटले होते, वेखंडाच्या वेळी मिटत असे तसेच.

"ये बाहेर. मुंगी चावल्यासारखं होईल फक्त," वन्सं म्हणाल्या. "वसुधा, ओढ तिला."

सून हलली नाही. ती टेबलासमोर, दोघींच्या मध्ये उभी होती.

"जीप परत पाठवा," मी म्हणाले.

"काय?"

"आज जायचं नाही. पुन्हाही नाही."

"का, ते तरी सांगा."

"मी सांगते म्हणून."

चाळीस वर्षे एवढे पुरले होते. त्या दिवशी वन्संनी पिशवी टेबलावर आपटली. "तुम्ही सांगितलेलं आजवर ऐकलं, वहिनी. त्या काल आलेल्या पोरीने एक जॅमचं बोट लावलं आणि तुम्ही फिरलात? ठीक आहे. नका नेऊ. पण उद्या ही मोठी होईल, बघायला येतील, तेव्हा विचारतील हे कुठून आलं. तेव्हा काय सांगायचं ते आजच ठरवून टाका. आपल्या घराण्यावर बालंट नको. आईकडून आलंय, तसंच सांगायचं."

"सांगा, आत्याबाई," सून म्हणाली. "माझ्याकडूनच आलंय. कालच लिहून दिलंय मी. फक्त तिची जीभ कापू नका."

तिच्या आवाजात राग नव्हता, रडणेही नव्हते. तिने माझ्याकडे पाहिले आणि मी तिच्या डोळ्यांत ते ओळखले. एकवीस दिवस नातीच्या चेहऱ्याकडे पाहताना मला जे वाटत होते, तेच तिला माझ्याकडे पाहताना वाटत होते. माझ्या जिभेचे तिला माहीत होते. तेव्हा माहीत झाले की आधीपासून होते, ते मी तिला आजतागायत विचारलेले नाही.

टेबलाखालून आवाज आला.

"आ... आई, हे तू मला दिलंस?"

सुनेने वाकून टेबलाखाली हात पुढे केला.

मी अंबाड्याचे आकडे काढले. एक, दोन, तीन. अंबाडा मी नेहमी मानेवर उतरवून बांधत आले आहे. त्याला वन्सं माझी जुनी फॅशन म्हणत. केस बाजूला सारून मी पाठमोरी झाले.

"हे पाहा, वन्सं."

"अगं बाई! भाजलंय की. कधीचं हे?"

"सातव्या वर्षीचं. वडिलांनी दोन्ही हात धरले होते. वैदूने तांब्याची सळई तापवून डाग दिला. जीभ सुटावी म्हणून."

"जीभ? तुमची? मग... सुटली?"

"सुटली असती," मी म्हणाले, "तर या मुलीला मी नावाने हाक मारली असती."

वन्सं मटकन खुर्चीत बसल्या. बाहेर जीपवाल्याने एकदा भोंगा वाजवला.

टेबलाच्या कडेखालून कस्तुरीचे डोके बाहेर आले. केसांना जळमट लागले होते. तिने माझ्याकडे इतक्या कुतूहलाने पाहिले, जणू मी तिच्याच वर्गात नव्याने आलेली मुलगी होते.

"म-मार ना मग," ती म्हणाली.

मी तोंड उघडले. जिभेचे मूळ टाळ्याला जाऊन चिकटले. श्वास छातीत थांबला. माझे डोळे मिटले गेले, हनुवटी वर गेली, मानेची शीर तटतटली. मला आरशाची गरज नव्हती. तो चेहरा मी रोज सकाळी चमचा हातात धरून पाहिला होता. ओठाच्या कोपऱ्यात थुंकी जमा झाली. उजवा पाय फरशीवर आपटू लागला, आणि तो थांबवणे माझ्या हाती नव्हते.

"क... क..."

"कस्तुरी म्हणायचंय का तुम्हा—" वन्सं म्हणाल्या.

"आत्याआजी, थ-थांब!" पोर टेबलाखालून पूर्ण बाहेर आली. "तिचं तिला पुरं करू दे."

आणि ती थांबली. माझ्यासमोर, दोन्ही हात बाजूला सोडून, माझ्या तोंडाकडे सरळ पाहत. तिने मान हलवली नाही आणि तोंडही फिरवले नाही. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. भोंगा आणखी एकदा वाजला.

"कस्तुरी," मी म्हणाले.

"ओ," ती म्हणाली.

जीप रिकामी गेली. पुढच्या शनिवारी मी बागवान बाईंकडून तो कागद मागून घेतला, 'आईच्या बाजूने' ही ओळ माझ्या हाताने खोडली, तिथे 'वडिलांची आई' असे लिहिले आणि खाली सही केली. बाईंनी मला बसायला मोठी खुर्ची आणून दिली. कस्तुरी तिथे दोन वर्षे जात होती. आज ती महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, अधूनमधून अडखळते, आणि अडखळली की मुलांना थांबायला लावते.

दुसरे नाव मला त्या रविवारी जमले नाही. त्याला तीन महिने लागले. दुपारची वेळ होती. सून ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून भाजी निवडत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, पाय आपटला, थुंकी पुसली आणि अखेर ते बाहेर आले.

"कालिंदी."

तिने वळून पाहिले नाही. तिने ऐकले नाही, असे नव्हे. आठ वर्षांत त्या नावाला ओ देण्याची तिची सवय मी मोडली होती. कोणा दुसरीलाच हाक मारली असावी, असे तिला वाटले.

मला ते पुन्हा, पहिल्या अक्षरापासून, उच्चारावे लागले.